गच्चीवरच्या उन्हाची परवानगी

आमच्या घरात देवापेक्षा परवानगीचा धाक जास्त होता. बाबा एका कचेरीत आरेखक होते. लोकांच्या घरांचे नकाशे तिथे मंजुरीला यायचे आणि त्यांतल्या चुका लाल पेन्सिलीने दाखवायच्या, हे बाबांचं काम. इथे बाजूला मोकळी जागा कमी सोडली, इथे जिना बाहेर आला, इथे मोरी म्हणून दाखवलंय पण खोली काढायचा डाव आहे. मंजुरी द्यायचा अधिकार साहेबांचा. बाबा फक्त बोट दाखवायचे. पण ते बोट कधी वाकलं नाही की त्याच्याखाली कुणी काही सरकवलं नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही होता. नाकासमोर चालणारा माणूस, असं सगळे म्हणायचे. लहानपणी मला ते निव्वळ कौतुक वाटायचं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नाशिकला मळे मोडून प्लॉट पडत होते आणि इंदिरानगरच्या बाजूला आमचं घर नुकतंच उभं राहिलं होतं. खाली तीन खोल्या, वर गच्ची. गच्चीवर पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालायची तार, एवढंच. आजूबाजूच्या गच्च्यांवर हळूहळू पत्रे चढत होते, कुणाची अडगळीची खोली निघत होती, कुणाची भाडेकरूची. आमची गच्ची मात्र नकाशात होती तशीच. जेवढं बांधायला मिळत होतं तेवढं आपण खाली बांधलंय, वर आता वीटसुद्धा ठेवायची नाही, असं बाबांनी वास्तुशांतीच्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

आईला दमा होता. उन्हाळ्यात ती बरी असायची, पावसाळ्यात थोडी खोकायची आणि दिवाळी सरली की तिची छाती वाजायला लागायची. बाहेरगावच्या पाहुण्यांना नाशिकच्या थंडीची गंमत वाटते. निफाडकडे बागायतदार पहाटे उठून द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवतात, घड करपू नयेत म्हणून, इतकी ती थंडी. त्या थंडीत आमच्या घरात सगळ्यात आधी आई उठायची, कारण बंब तिने पेटवायचा असा रिवाज होता. तो कुणी ठरवला होता कोण जाणे. मागच्या दाराशी तांब्याचा बंब, आणि जळण म्हणून द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या. बाबांचा मावसभाऊ ओझरला बाग करायचा, तो पोत्यांनी पाठवायचा. फुकटचं जळण म्हणून आम्ही खूश. वर्षभर फवारणीचं औषध प्यालेल्या त्या काड्या पेटल्या की धूर असा घशाला झोंबायचा की मीसुद्धा अंथरुणातून ठसकत उठायची. आई मात्र त्या धुरात वाकून फुंकर घालत बसायची. फुंकर घालायला श्वास लागतो, आणि तिच्याकडे तोच कमी होता.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "औषधं मी देतो, पण आधी धूर बंद करा. नाहीतर माझ्या औषधाचा उपयोग नाही."

बंद कसा करायचा? गॅसचं एकच सिलिंडर, नंबर लावला की कित्येक आठवडे वाट पाहायची. त्यावर आई अंघोळीचं पाणी तापवू द्यायची नाही. पाण्यात सोडायची विजेची कॉइल आणली, तिचा आईला पहिल्याच आठवड्यात झटका बसला आणि कॉइल माळ्यावर गेली. गिझर त्या काळी आमच्यासारख्यांच्या घरात नव्हता. तेव्हा बंब चालूच राहिला.

अशात एकदा बाबा त्र्यंबकच्या वाटेवरच्या एका आश्रमात कामाला गेले होते, तिथल्या गच्चीवर त्यांनी सोलर बघितला. घरी आले ते चपला न काढताच बोलत. चौकटीत काळा पत्रा, वर काच, बाजूला टाकी. ऊन पत्र्याला तापवतं, पत्रा पाण्याला, तापलेलं पाणी आपोआप वर चढतं. मोटर नाही, वीज नाही, काडी नाही. बाबांनी भाजीवाल्याच्या पुडीचा कागद उलटा करून त्यावर आकृती काढली आणि आईसमोर धरली. मी त्यांना इतकं उत्साहात क्वचितच पाहिलं होतं.

"पुढच्या थंडीत तुला बंब पेटवायला लागणार नाही," ते म्हणाले.

"खरंच का?" आई म्हणाली आणि हसली. हसताना तिला खोकला आला.

आता यात अडचण कुठे होती? दुकान मेन रोडला होतं, बसवून देणारा माणूस तिथलाच होता, आणि पैसे बाबांच्या भविष्य निर्वाह निधीतून निघत होते. दुसरा कुणी असता तर आठवड्यात गच्चीवर सोलर चढवून मोकळा झाला असता. पण बाबांनी दुकानात जायच्या आधी साहेबांना विचारलं.

ते का विचारायला गेले, हे समजायला आमच्या गल्लीतली एक गोष्ट माहीत हवी. आमच्या डाव्या हाताला तिसऱ्या घरात सटाण्याकडचे एक काका राहायचे, कांद्याचा व्यापार करणारे. त्यांनी बाजूच्या मोकळ्या जागेत न्हाणीघर बांधलं होतं. त्यांचा नकाशा तपासणीला आला तेव्हा बाबांनी त्यावर लाल खूण केली, आणि महिन्याभरात ते न्हाणीघर पाडलं गेलं. काकांच्या म्हाताऱ्या आईसाठी होतं ते. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत, पण खूण पुसली नाही. तेव्हापासून त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं: आपण लोकांच्या भिंती पाडतो, आपल्या घरावर खिळासुद्धा बेकायदा दिसता कामा नये. उद्या हेच लोक आपल्याकडे बोट दाखवतील.

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं म्हणे, आणि म्हणाले, "यात सोलरची तरतूद नाही. प्रस्ताव द्या, वर पाठवून बघू."

ते घरी येऊन बाबांनी जसंच्या तसं सांगितलं. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, "म्हणजे नाही म्हणाले का?"

"तरतूद नाही म्हणाले."

आईने मान हलवली आणि पोळी तव्यावर टाकली.

मग सुरू झालं ते नकाशांचं पर्व. बाबा रोज संध्याकाळी जेवायच्या टेबलावर ट्रेसिंगचा कागद पसरायचे. आमच्या घराचा नकाशा, त्यावर गच्ची, गच्चीवर चार पायांचा लोखंडी घोडा, घोड्यावर टाकी. वरून दिसणारं चित्र, समोरून दिसणारं, कापून दाखवलेलं. अक्षर असं की छापलेलं वाटावं. तो कागद वर जायचा आणि काही महिन्यांनी शंका घेऊन खाली यायचा. टाकीमुळे घराची उंची वाढते का? लोखंडी घोडा हे बांधकाम धरायचं की सामान? बांधकाम धरलं तर परवानगी द्यायला क्षेत्र शिल्लक नाही. सामान धरलं तर या खात्याचा संबंधच नाही. सावली शेजाऱ्याच्या हद्दीत पडते का? शेवटच्या शंकेवर मी मोठ्याने हसले होते. मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझी जीभ चालायला लागली होती.

"बाबा, झाडाची सावली पडते पलीकडे. त्याचीही परवानगी काढायची राहिलीय."

बाबांनी नजर वर केली नाही. ते पेन शाईत बुडवून सावलीचा कोन काढत होते. आत आईचा खोकला चालला होता, एकदा सुरू झाला की थांबायला वेळ लागायचा तसला. त्या आवाजात ते अगदी सरळ रेघ मारायचे. त्यांचा हात हलायचा नाही, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटायचं. नंतर राग यायला लागला.

पुढची थंडी आली. बंब पेटला. त्याच्या पुढचीही आली.

त्या दरम्यान सटाण्याच्या काकांनी आपल्या गच्चीवर सोलर बसवला. कुणाला विचारलं नाही, कुणी विचारलं नाही. एका सकाळी टेम्पो आला, दुपारी घोडा उभा राहिला, दुसऱ्या दिवशी काकू आमच्या कंपाउंडपाशी येऊन आईला म्हणाल्या, "बाई, हात लावून बघा, कसं कढत पाणी शे!" त्यांच्या हातात वाफाळती बादली होती. त्या बादलीत आईने हात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. काकू म्हणाल्या रोज एक बादली घेऊन जात जा. आईने ते हसून टाळलं.

त्याच संध्याकाळी काकांनी बाबांना फाटकात गाठलं. न्हाणीघराचं शल्य त्यांच्या मनात होतंच, पण माणूस दिलदार होता.

"साहेब, गच्ची तुमची, ऊन देवाचं. यात सरकार कुठून आलं? लय इचार करता राव तुम्ही. लावून टाका, मी काय बोट दाखवणार नाय."

बाबा म्हणाले, "तुमचंही तसं विनापरवानाच आहे."

काकांनी फाटक ओढून घेतलं आणि ते आपल्या घरी गेले. मी जिन्यात उभी होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्याने आधीचा घाव विसरून हात पुढे केला, त्याला हे उत्तर! पण बाबांना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी फक्त वस्तुस्थिती सांगितली होती.

आई दर थंडीत थोडी थोडी खाली उतरत गेली. आधी जिना चढणं थांबलं. मग पापड लाटणं. मग एका जानेवारीत तिला दवाखान्यात ठेवायची वेळ आली, नाकात नळी घालून. मी त्या वेळी नुकतीच नोकरीला लागले होते. पहिल्या पगारातून गिझर आणला, बाबांना न विचारता. त्यांनी त्यासाठी वीजभार वाढवून घ्यायचा अर्ज करावा लागेल असं म्हटलं, मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी तो विषय सोडला. गिझर लागला. दोनतीन वर्षं बरी गेली. माझं लग्न झालं, मी पाथर्डी फाट्याकडे राहायला गेले. आणि मग भारनियमन आलं. आमच्या भागात वीज जायची ती नेमकी सकाळी, लोक अंघोळीला उठायच्या सुमाराला, आणि यायची उन्हं वर आल्यावर. एका रविवारी मी माहेरी गेले तर मागच्या दाराशी बंब घासूनपुसून ठेवलेला, बाजूला काड्यांचं पोतं.

"कोण पेटवतं?" मी विचारलं.

"मीच. त्यांना नाही जमत, धूर फार करतात," आई म्हणाली.

मी ते पोतं उचलून गल्लीच्या कोपऱ्यावर टाकून आले. पुढच्या रविवारी तिथे दुसरं पोतं होतं. बाबांना थंड पाण्याने अंघोळ चालायची नाही, आणि त्यांना थंड पाणी द्यायचं आईला चालायचं नाही. या दोघांचं काय करायचं हे मला कधी कळलं नाही.

त्या सुमाराला नियम आला. म्हणजे आधी वर्तमानपत्रात बातम्या आल्या, मग बिल्डर लोक कुरकुर करायला लागले, मग खरंच आला. नव्या इमारतीवर सोलर हवाच; नाहीतर राहायला जायचा दाखला नाही. जी गोष्ट नियमात नव्हती म्हणून आमच्या घरी होऊ शकली नाही, ती आता नसली तर गुन्हा. यालाच वरातीमागून घोडं म्हणतात. आम्ही तेव्हा पाथर्डी फाट्यालाच ज्या नव्या इमारतीत राहायला गेलो, तिच्यावरही नियमाप्रमाणे सोलर होता, चकचकीत, दक्षिणेकडे तोंड करून. वर्षभर आमच्या नळाला कोमट थेंबही आला नाही म्हणून मी एकदा गच्चीवर गेले. त्याला नळी जोडलेलीच नव्हती. तपासणीच्या दिवशी तो तिथे दिसला म्हणजे झालं. पुढे काही महिन्यांनी तोही दिसेनासा झाला. बिल्डरच्या पुढच्या इमारतीवर गेला असणार, तिथेही तपासणी होतीच. मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि मला रडू फुटलं. ज्यांना काही पडलेली नाही त्यांनी एका दिवसासाठी सोलर उभा केला आणि काम उरकलं. आणि माझा बाप सावलीचा कोन काढत बसला.

बाबा निवृत्त झाले होते. त्यांचा तो प्रस्ताव कुठल्या तरी कपाटात राहून गेला होता. नियमाची बातमी वाचून ते त्यांच्या जुन्या कचेरीत गेले. साहेब बदलले होते, आरेखकाच्या टेबलावर संगणक आला होता. जुन्या घराला सोलर बसवायचा झाला तर परवानगी कशी काढायची, असं त्यांनी तिथल्या तरुण इंजिनियरला विचारलं. तो म्हणाला, "काका, परवानगी कशाला? लावा की."

आणि त्यांनी लावला. त्याच आठवड्यात. मी गेले तेव्हा मिस्त्री शेवटची नळी घट्ट करत होता आणि बाबा उन्हात हातरुमाल डोक्यावर टाकून उभे होते. मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले तो हा लोखंडी घोडा, माझ्या कमरेएवढासुद्धा नव्हता.

ती आईची शेवटची थंडी होती. ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, पण डॉक्टरांना असावं. ती आता न्हाणीघरापर्यंत जात नव्हती. चार पावलं चालली की तिला पलंगाच्या कडेला बसून श्वास गोळा करावा लागायचा. मी आठवड्यातून तीनदा यायची आणि तिचं अंग पुसून द्यायची. सोलर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या नळाचं पहिलं पाणी बादलीत भरून तिच्या पलंगापाशी आणलं. बाबा पाठोपाठ आले आणि दारात उभे राहिले. त्यांना तिचा चेहरा बघायचा होता.

आईने हात पाण्यात घातला.

"छान तापलंय," ती म्हणाली. "वासही नाही काही."

बाबांचा चेहरा खुलला. "दुपारी चारपर्यंत याहून तापेल. सकाळीही टाकीत गरम राहतं. वीज गेली तरी फरक पडत नाही."

"आणि परवानगी?" तिने थांबून, श्वास घेऊन विचारलं. "मिळाली का शेवटी?"

"आता लागत नाही."

"आता लागत नाही. मग तेव्हा का लागायची?"

"लागायची असं नाही. तेव्हा नियमात तरतूद नव्हती."

"म्हणजे नियमात नको म्हणून लिहिलेलं होतं."

"नाही," बाबा म्हणाले. ते खोटं कधी बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. "लिहिलेलं काहीच नव्हतं. हो म्हणूनही नाही आणि नको म्हणूनही नाही."

आईचा हात अजून बादलीत होता. मला वाटलं ती आता काही बोलेल, आयुष्यात एकदा तरी बोलेल. ती एवढंच म्हणाली, "मी समजत होते, मनाई आहे."

बाबांनी चौकटीवर हात ठेवला, आणि मग ते तिथून गेले. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या. ते गच्चीवर गेले होते. मी टॉवेल पिळून आईची पाठ पुसायला घेतली. तिच्या फासळ्या श्वासागणिक टॉवेलखाली वर यायच्या आणि आत जायच्या. माझ्या डोक्यात इतका राग होता की मी जरा जोरातच पुसत होते, आणि तिच्या पाठीला ते कळलं असावं.

"त्यांना काही बोलू नकोस हं," ती म्हणाली. वाक्य पुरं करायला तिला दोनदा थांबावं लागलं. "माझ्यासाठी विचारायला तरी गेले ते. कोण जातं?"

तेव्हा ते विचारायला गेले नसते तर तिला त्याच्या पुढच्याच थंडीत हे पाणी मिळालं असतं. हे मी तिला सांगितलं नाही. मी टॉवेल पुन्हा गरम पाण्यात बुडवला, पिळला, आणि तिचे खांदे पुसले.